नव्वदपासून सुरू होणारे खांब

आमच्या सोसायटीच्या फलकावर पाणीवापराचा तक्ता लागला. ए विंगचा खांब बोटभर उंच, आमच्या बी विंगचा त्याच्या तिप्पट आणि वर लालभडक. खाली बारीक अक्षरात आकडे होते: महिन्याला ९२ टाक्या आणि ९६ टाक्या. घरं दोन्हीकडे सारखीच. खांब शून्यापासून नव्हे, नव्वदपासून काढले होते. तेवढ्यावर कमिटीने आमचं संध्याकाळचं पाणी बंद केलं.

मी सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "आकडे तर खरेच आहेत ना साहेब?"

आकडे खरे होते, म्हणूनच मला जास्त राग आला. माणूस उंची आधी पाहतो, आकडा नंतर वाचतो. पुष्कळदा वाचतच नाही. तोवर कुणावर तरी ठपका बसलेला असतो. आमच्या शेजारच्या लिमयेकाकूंना ए विंगवाले जिन्यात विचारू लागले होते, "काय काकू, घरात धबधबा बसवलाय का?"

मी ग्राफ पेपर एकाखाली एक चिकटवले, दोन्ही खांब शून्यापासून काढले आणि त्या तक्त्याशेजारी लावले. खांब जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

काकूंनी चष्मा पुसून ते नीट पाहिले. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "महिनाभर मी चादरी धुतल्या नाहीत, त्या उगाचच."