काळा सेनापती आणि माझा वजनकाटा

चहा घ्या आधी, कारण एकदा सुरू केलं की मी थांबायची नाही. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात की माझी बाजू मांडायची राहून जाते.

मी बेंगळुरूत एका सरकारी प्रयोगशाळेत काम करते, मोजमाप विभागात. लोक त्यांचे काटे, पट्ट्या, तापमापक आमच्याकडे पाठवतात, आम्ही ते तपासतो आणि बरोबर आहेत की नाहीत ते सांगतो. नोकरीच अशी, की घरीसुद्धा मला काही अंदाजपंचे चालत नाही. माझा नवरा श्रीकांत म्हणतो, हिला भातात मीठ चवीपुरतं घाल म्हटलं तर ही विचारते, कोणाच्या चवीपुरतं?

तर अशा बाईला छंद कसला लागावा? खेळण्यातल्या चिमुकल्या बाहुल्यांचा. समुद्राखालच्या राज्यावर सिनेमांची एक मालिका आहे, एकामागून एक भाग येतच असतात. त्यातल्या पात्रांच्या अंगठ्याएवढ्या बाहुल्या मिळतात, बंद डब्यांत. आत कोण आहे ते डबी फोडल्याशिवाय कळत नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिच्या टेबलावरच्या चार बाहुल्या माझ्याकडे आल्या. धूळ पुसता पुसता मी त्या बघायला लागले. राणीचा डावा डोळा उजव्यापेक्षा वर रंगवलेला होता. कासवावरचा पुजारी उभाच राहत नव्हता. मला ते सहन होईना. कोणीतरी हे सांगायला हवं होतं. म्हणून मी मोबाइलवर परीक्षणाचे व्हिडिओ करायला लागले. मराठीत. रंगकाम, सांधे, तोल, वजन, सगळ्यावर बोलायचे. बघणारे मोजके, त्यात निम्मे नातेवाईक. पण मी नेटाने करत राहिले.

सगळ्या बाहुल्या जमल्या, एक सोडून. काळा सेनापती. हातात जहाजाचा चंदेरी नांगर घेतलेला. तो क्वचितच निघतो. डबीवरच्या चित्रात त्याचा नांगर असा चमकत होता की मी पाहताक्षणी म्हटलं, हा धातूचा आहे. आणि धातूचा असेल तर ती डबी बाकीच्यांपेक्षा जड असणार. मग फोडायची गरजच काय? तोलायची.

श्रीकांत म्हणाला, "दुकानात काटा घेऊन जाणार तू?"

"मग काय झालं? लोक नारळ वाजवून घेतात."

"नारळ खायचा असतो, वसुधा."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

जयनगरात एका दुकानात त्या डब्यांचा मोठा साठा आल्याचं कळलं. आम्ही राहतो येलहंक्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या शनिवारी सुट्टी असूनही काही कामासाठी ऑफिसला जावं लागलं होतं, तिथूनच थेट निघाले. आता माझा अवतार डोळ्यांसमोर आणा. इस्त्रीची सुती साडी, चष्मा साखळीला, गळ्यात सरकारी ओळखपत्र आणि हातात काळी बॅग. बॅगेत स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. मला स्वतःला यात काही वावगं दिसलं नाही.

दुकान दोन भावांचं. एका बाजूला मंजुनाथ खेळणी विकतो, दुसऱ्या बाजूला त्याचा भाऊ गुरुराज चकल्या, निप्पट्टू, शेव असलं खाणं वजनावर विकतो. मधे भिंत नाही, नुसता एक खांब. मी मंजुनाथसमोर गेले, बॅग काउंटरवर ठेवली, काटा बाहेर काढला आणि माझ्या मोडक्या कन्नडात म्हटलं, "एल्ला बॉक्स कोडी. तूक नोडबेकू." म्हणजे सगळ्या डब्या द्या, वजन बघायचंय.

मंजुनाथने काट्याकडे पाहिलं, माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि हळूच उभा राहिला.

"मेडम, यावं डिपार्टमेंट?" त्याने विचारलं. कुठलं खातं.

मी खरं तेच सांगितलं. "मेजरमेंट."

त्याने लगेच मला खुर्ची दिली. पंखा माझ्याकडे वळवला. भावाला हाक मारून काहीतरी सांगितलं, तेवढ्यात गुरुराजही हातातली चकली तशीच धरून माझ्याकडे बघायला लागला. कोणीतरी फिल्टर कॉफी आणून ठेवली.

आता मला काय वाटलं असेल, सांगा बरं? माझ्या व्हिडिओंवर एक माणूस अधूनमधून कन्नडात छान, छान असं लिहितो. मला वाटलं, तो हाच. बाईने शहरभर नाव काढलं म्हणायचं. मी पदर सारखा केला आणि थोडं हसून म्हटलं, "रिपोर्ट हाकतीनी." परीक्षणाला कन्नडात काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून रिपोर्ट म्हटलं. रिपोर्ट टाकणार आहे.

मंजुनाथचा चेहरा पडला. मला वाटलं, भारावला.

त्याने डब्यांचा अख्खा खोका आणून ओतला. मी एकेक डबी काट्यावर ठेवून बघायला लागले. जड एका बाजूला, हलक्या दुसऱ्या बाजूला. दोघे भाऊ श्वास रोखून उभे. मधे मी मान वर करून म्हटलं, "यारिगू हेळबेडी." कोणाला सांगू नका. माझं म्हणणं एवढंच, की तोलून शोधायची ही युक्ती बाकीच्या हौशी लोकांना कळली तर सेनापती मला मिळायचा नाही.

हे ऐकून गुरुराज एकदम हुशारला. मान डोलावत आपल्या बाजूला गेला आणि चकल्या, कोडबळी, निप्पट्टू भरलेली भलीमोठी पिशवी आणून माझ्या बॅगेशेजारी ठेवली. "मने गे, मेडम," म्हणाला. घरी न्या.

इथे मात्र माझं तत्त्व आडवं आलं. परीक्षण करणाऱ्याने दुकानदाराकडून भेट घेतली तर त्याच्या मताला काय किंमत राहिली? मी पिशवी परत सरकवली आणि ठणकावून सांगितलं, "गिफ्ट तगोळल्ला. नाने यारिंदलू तगोळल्ला." मी भेट घेत नाही, कोणाकडूनच घेत नाही.

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. लाच न घेणारा अधिकारी समोर आला की माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हा अर्थात मला ते कळलं नाही. मला वाटलं, माझ्या सचोटीने गहिवरलेत.

एवढ्यात एक गोंधळ लक्षात आला. मघाशी तोललेली डबी मी पुन्हा ठेवली, तर काटा वेगळंच वजन दाखवायला लागला. तिसऱ्यांदा ठेवली, तिसरंच. माझ्या अंगावर काटाच आला. मी विचारलं, "स्टँडर्ड वेट इदेया?" खात्रीचं वजन आहे का?

गुरुराज धावत गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं पितळी वजन घेऊन आला. शंभर ग्रॅम, सरकारी शिक्का मारलेलं. ते त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी ते काट्यावर ठेवलं. काट्याने नव्वदच्या आसपास काहीतरी दाखवलं.

बघा, दिवसभर लोकांच्या काट्यांना नापास करणारी मी, आणि माझाच काटा खोटा. एवढ्या लांब येऊन तोललेल्या सगळ्या डब्या वाया. मला इतका संताप आला की मी त्या काट्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तप्पु. सरी इल्ला. पूर्ती तप्पु." चूक आहे, बरोबर नाही, साफ चूक आहे.

मी बोलत होते माझ्या काट्याबद्दल. पण काट्यावर होतं गुरुराजचं वजन.

गुरुराज शेवेच्या डब्यावर मटकन बसला. मंजुनाथ हात जोडून भराभर बोलायला लागला. शिक्का खरा आहे, वजन नवं आहे, घरात म्हातारी आई आहे, असं काहीतरी. मी बाहेर पाहिलं तर शेजारच्या मिठाईवाल्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं. पलीकडचा वाणी दारात उभा राहून फोनवर बोलत होता आणि बोलताना माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की चाहते एवढे घाबरत नसतात.

तेवढ्यात निप्पट्टू घ्यायला एक बाई आत आल्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, पण माझ्या तोंडून निघालेलं 'अरे देवा' ऐकून चटकन वळल्या. सिंधूअक्का त्यांचं नाव, मूळच्या निपाणीकडच्या. दोघा भावांशी त्या कन्नडात बोलल्या, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "काय हो बाई, तुम्ही वजनमाप खात्यातल्या काय?"

"नाही हो. मी बाहुली घ्यायला आलेय."

"मग ही दोघं तर दुकान बंद होणार म्हणून बसलीत की. तुम्ही धाड घातलीसा म्हणायलेत."

"धाड? मी तर परीक्षण करते. व्हिडिओ."

"कशाचं परीक्षण?"

मी डबीवरचा काळा सेनापती दाखवला. सिंधूअक्कांनी चष्मा वर करून त्याला नीट पाहिलं, मग मला नीट पाहिलं. "ह्याच्यासाठी?" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ते सगळं कन्नडात भावांना समजावलं.

जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी माफी मागितली, मराठीत, हिंदीत आणि जमेल तेवढ्या कन्नडात. मंजुनाथ तोंडावर हात ठेवून खांद्यांनी हसायला लागला. गुरुराजला मात्र हसू यायला वेळ लागला. तो आधी पितळी वजन उचलून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवून आला.

आता कोणीही शहाणी बाई इथून निघून गेली असती. हो ना? पण मी येलहंक्याहून आले होते. आणि माझा सिद्धांत अजून शाबूत होता, चुकला होता तो फक्त काटा. मी गुरुराजला म्हटलं, "तुमच्या काट्यावर तोलू या?"

त्याने भावाकडे पाहिलं. भावाने खांदे उडवले. मग चकल्यांच्या काट्यावर, शटर वर करून आलेल्या मिठाईवाल्यासकट चार लोकांसमोर, सगळ्या डब्या पुन्हा तोलल्या गेल्या. आता सगळ्यांनाच त्यात रस आला होता. एक डबी स्पष्टपणे जड भरली. मी ती घेतली आणि तिथेच फोडली.

कासवावरचा पुजारी. आणि ओल शोषून घ्यायची पुडी चुकून दोनदा टाकलेली.

"स्वल्प बॅड लक," मंजुनाथ म्हणाला. मला त्याने चकल्यांची पिशवी तरीही दिली. या वेळी मी घेतली. परीक्षक म्हणून माझी किंमत तशीही संपली होती. निघताना त्याने माझा नंबर मागून घेतला, पुन्हा साठा आला तर कळवायला.

आठवड्याने त्याचा फोन आला. मी अगदी आशेने घेतला.

"मेडम, खरेखुरे साहेब येऊन गेले," तो हिंदीत म्हणाला. "वजनमाप खात्याचे. त्या दिवशी पलीकडच्या वाण्याने त्यांच्या ऑफिसला फोन केला होता, तुमच्या कोणी मॅडम आल्यात का म्हणून. तेव्हा साहेब तुमची चौकशी करायला आले."

"मग?"

"मी सगळं सांगितलं. साहेब खूप हसले. मग मुलीसाठी एक डबी घेतली त्यांनी."

मला पुढचं कळलं होतं, पण मी विचारलंच. "कोण निघालं?"

"तुमचा काळावाला."

मी खुर्चीत बसले. "तोलून घेतली त्यांनी?"

"नाही मेडम. वर होती ती उचलली." तो म्हणाला, "पण नंतर गंमत म्हणून बाहुली डबीसकट काट्यावर ठेवली. नांगर प्लास्टिकचाच आहे, वरून नुसता रंग. बाकी सगळ्या डब्यांपेक्षा हलकी भरली. आणि मेडम, ती डबी सगळ्यात वर कशी आली माहीत आहे का?"

"कशी?"

"तुम्हीच तर सगळ्यात हलकी म्हणून बाजूला काढून ढिगावर ठेवली होती."

त्या आठवड्यात परीक्षण मी तरीही केलं, पुजाऱ्याचं. रंगकाम, सांधे, तोल, सगळ्यावर बोलले. वजनावर बोलले नाही, आणि का नाही बोललात असं कोणी विचारलंसुद्धा नाही.