चार साड्यांची गोधडी

"बाय, गोधडी शिवून मिळणार नाय. शिवणारी गेली."

मी गल्ल्यावरूनच सांगितलं. पेणमधलं माझं कापडाचं दुकान जुनं. पुढे मी कापड विकायचो, मागच्या खोलीत बायको गोधड्या शिवायची. ती गेल्यावर त्या खोलीला कडी लावली, ती लावलीच.

गल्ल्यासमोर उभी होती ती सुनंदा, रोह्याची. कंपनीत शिफ्टला जाते. तिनं पिशवीतून चार सुती साड्या काढल्या. तिच्या वारलेल्या आईच्या.

"काका, बाबांना झोप नाय लागत. ऑनलाइन रजई मागवली, चांगली मऊ हाय. पण ती पायाशी ढकलतात आणि आईची साडी अंगावर घेऊन पडतात. साडीनं थंडी जाते का?"

माझ्या उशाशी बायकोची शाल असते.

"ठेव," म्हटलं.

अस्तर, म्हणजे गोधडीची खालची बाजू, तेही तिनं ऑनलाइनच घेतलेलं. फोटोत सुती दिसत होतं म्हणे. हातात घेतलं तर गुळगुळीत.

"हे नाय चालायचं. हे सरकणार, टाक्याला ओढ बसणार आणि आईची साडी फाटणार. दुसरी कुठनं आणशील?"

"तुमचा माल खपवायचाय म्हणून बोलताय."

"खपवायचाच हाय. नायतर इथं बसलोय कशाला?"

ती हसली. मी मांजरपाट फाडला. हे जाडं सुती कापड आधी भिजवून आटवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आक्रसते. ते आटवून मी वाळवलं आणि मागच्या खोलीची कडी काढली.

शिवायला मला येतं. अडलं दुसरीकडेच. साड्यांचे थर जमिनीवर अंथरताना दोन माणसं लागतात. एक इकडून ताणतो, एक तिकडून. आत चुणी राहिली की जुनी साडी तिथंच विरते. समोरचं टोक कायम बायकोच्या हातात असायचं. मी त्या टोकावर पाट ठेवला, वर वजनं ठेवली. ताणलं की पाट माझ्याकडे घसरत यायचा. पुन्हा पुन्हा अंथरलं. मग नुसताच बसून राहिलो.

शेवटी सुनंदाला फोन लावला. "बाय, काम अडलं. दुसरं टोक धरायला माणूस नाय."

"रविवारी सुट्टी हाय, येते. बाबांना आणू?"

"आण."

म्हातारा माझ्याच वयाचा. आला, समोर बसला, टोक धरलं.

"जोरात ओढ," मी म्हटलं.

"फाटेल."

"नाय फाटत. ओढ."

त्यानं ओढलं. एकदम म्हणाला, "हिरवी वर घ्या. कासू गावाला माहेरी जाताना ती हीच नेसायची."

हिरवीचा काठ झिजलेला. वर घेण्यासारखी ती नव्हती. तरी घेतली, काठाला आतून पट्टी लावली. पुढचे टाके मी एकट्यानं घातले. ते एकट्याचंच काम.

गोधडी गेल्यावर सुनंदाचा फोन आला. "बाबा झोपतात आता. रजई मी घेतली."

ऑनलाइनवाल्यांवर माझा राग नाही. पार्सल दारात येतं, बरं असतं. पण कापड चोळून बघायचं असेल, दुकानदाराशी दोन शब्द भांडायचं असेल, तर गावातल्या दुकानात जा. आणि दुकानदार म्हातारा असेल, तर लवकर जा.