सईचा हुंकार

सई आणि अमेय,

सईला तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा जन्म वेळेवर झाला होता का?" तिने मला फोन केला आणि मी घाईत "नाही, दोन महिने आधी" एवढंच सांगितलं. आता तिलाच बाळ होणार आहे, तेव्हा बाकीचंही नीट लिहून दिलेलं बरं. अमेय, तूही वाच. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास.

"आजी, हा हुंकार नाही. बाळाला श्वास पुरत नाहीये." बालरोगतज्ज्ञांचं हे पहिलं वाक्य.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मेधाला, म्हणजे तुमच्या आईला, अचानक कळा आल्या आणि सई कोल्हापुरातल्या एका लहान प्रसूतिगृहात जन्मली. वजन दीड किलोहूनही कमी. बारीकसं रडली. मग प्रत्येक श्वास सोडताना "हं... हं..." करू लागली.

माझ्या नणंदबाई अक्काताई कुरुंदवाडहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐक की गं वैनी! हुंकार देतीया पोरगी. गोष्ट सांग म्हणतीया आज्जीला!"

इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, पण मीही हसले. डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघी तो आवाज कौतुकाने ऐकत बसलो.

डॉक्टरांनी दुपटं बाजूला केलं. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. मी ते पाहिलंच नव्हतं.

"याला ग्रंटिंग म्हणतात," ते म्हणाले. फुफ्फुसांत द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे असतात. ते मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक निसरडा थर असतो, सरफॅक्टंट. तो शेवटच्या महिन्यांत पुरेसा तयार होतो. सईकडे तो कमी होता. फुगे मिटू नयेत म्हणून ती घसा आवळून हवा धरून ठेवत होती, त्याचा तो आवाज. आजाराचं नाव रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम. कळा लवकर सुरू झाल्या तर आईला आधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. मेधाला तेवढा वेळ मिळाला नाही. सई, तुझ्या डॉक्टरांना हे आवर्जून विचार.

मोठ्या इस्पितळात हलवून तिला सी-पॅप लावलं. नाकात दोन आखूड नळ्या, त्यांतून सतत दाबाने हवा. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. बुडबुडे येत आहेत तोवर दाब आहे, असं तिथल्या शबाना सिस्टरने मला समजावलं. डॉक्टर म्हणाले, "यावर निभावलं तर ठीक, नाहीतर व्हेंटिलेटर."

दोन दिवस मी काचेपलीकडून बुडबुडेच पाहत बसले. अक्काताई बाकावर बाळाची टोपी विणत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "वैनी, माझ्यामुळं उशीर झाला काय गं?" मी म्हटलं, "हसले तर मीही होते."

तिसऱ्या दिवशी खळगा कमी झाला.

तरी ती मधेच श्वास घ्यायला विसरायची. याला ॲप्निया म्हणतात. कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूला अजून सवय झालेली नसते. मशीन वाजलं की शबाना सिस्टर तळपायाला टिचकी मारायची. "ए बया, झोपतीस काय? श्वास कोण घेणार, तुझी आज्जी?"

काही आठवड्यांनी तिला मेधाच्या उघड्या छातीशी ठेवू लागले. मी शेजारी बसून सांगत होते, अक्काआजीने खरवस पाठवलाय, तो तुझ्या आईने एकटीने संपवलाय. आणि ती म्हणाली, "हं."

मी ताडकन उठले. "सिस्टर! ग्रंटिंग!"

शबाना धावत आली. बरगड्या पाहिल्या, मशीनवरचा आकडा पाहिला आणि कमरेवर हात ठेवून हसली. "आज्जी, तुमचं इंग्लिश बास करा आता. ह्यो खराच हुंकार हाय की!"

मी रडले. त्या डॉक्टरांचे आणि शबानाचे आभार मानायला तेव्हा मला कोणत्याच भाषेत शब्द सापडले नाहीत. इथे मानते.

इस्पितळाची फाइल पुढे पुराच्या पाण्यात गेली. अक्काताईंनी विणलेली टोपी हरवली. अक्काताईही गेल्या. दर रविवारी फोनवर मी इथल्या गोष्टी सांगत असते आणि सई मधेमधे "हं" म्हणते. तेवढं आहे.

तुमची आजी