उजवीकडचा डोंगर

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. क्रेमेटोरियमबाहेर आमच्यानंतरच्या अंत्यविधीची माणसं थांबली होती, एवढंच आठवतं. थोड्या अस्थी काकांनी नाशिकला नेल्या. उरलेल्या आईला इथेच, इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका तळ्यात सोडायच्या होत्या, बाबांच्या लाडक्या स्लाइडमधल्या.

आठवडाभर लंडनजवळच्या स्लाऊमधल्या कारखान्यात पॅकिंग आणि सुट्टीत ट्रायपॉड घेऊन डोंगर. ऐंशीचं सगळं दशक त्यांनी असंच काढलं. फोटोत आम्हाला कधी घेतलं नाही. "तुम्ही रोज दिसताच की," म्हणायचे. रविवारी जेवणं झाली की पडदे ओढून प्रोजेक्टर लागायचा. शेवटची स्लाइड ठरलेली: तळं, काठावर एकच झाड, डावीकडे बसका डोंगर. ती लागली की बाबा गप्प व्हायचे आणि आम्ही जांभया द्यायचो.

एप्रिलमध्ये मी आईला तिकडे घेऊन गेले. जागेचं नाव बाबांच्या वहीत होतं. तळं सापडलं, झाडही होतं. डोंगर मात्र उजवीकडे.

"ही ती जागा नव्हे," आई म्हणाली. "इथं नाही सोडायचं."

मी पर्समधून स्लाइड काढून उजेडात धरली. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये चुकीच्या बाजूने जाऊ नये म्हणून बाबा प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल टिंब काढत. या एकीवर ते खोडून मागच्या बाजूला काढलं होतं. मी स्लाइड पालटली. डोंगर उजवीकडे गेला, अगदी समोरच्यासारखा. म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी बाबांनी ती मुद्दाम उलटी लावली होती. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

आईने स्लाइड डोळ्याला लावून बराच वेळ पाहिली.

"यांच्या गावच्या धरणापाशी असाच डोंगर आहे," ती म्हणाली. "डावीकडे. लग्न झाल्यावर एकदा घेऊन गेले होते मला."

"मग कधी बोलले का नाहीत?"

"मी ओळखीन असं वाटलं असेल."

वारा होता. तिने कलशाचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं.

"तुझी सुट्टी किती उरलीय गं?"

"दहा दिवस."

"पुरतील," म्हणून ती गाडीत जाऊन बसली. कलश मांडीवर घेतला आणि दोघांवरून मिळून सीटबेल्ट लावला.