काठमांडूच्या वेळेचं मालेगाव

माझ्या थोरल्या जावेला ‘होत नाही’ असं सांगून सुखरूप घरी परतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. बँकेतले सांगून पाहतात, एस.टी.चे कंडक्टर सांगून पाहतात, कुरिअरवाले शहाणे, ते फोनवरूनच सांगतात. आमचं मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर म्हणतात ते. पण पार्सलांना ते कधीच पटत नाही, ती खुशाल नाशिककडच्या मालेगावात जाऊन बसतात. एकदा बाईंचा मिक्सरचा जार असाच तिकडे गेला. (आम्ही घरात त्यांना बाईच म्हणतो.) कुरिअरवाला म्हणाला, “मॅडम, आता तो परत येणं होत नाही, दुसरा मागवा.” बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “होत नाई म्हंजे? तो तिकडं गेला ना? गेला म्हंजे रस्ता हाय. त्याच रस्त्यानं वापस आना.” आणि आला हो तो जार! पुढे कित्येक दिवस बाई त्यात चटणी वाटताना एकट्याच हसायच्या.

बाईंची नोकरीही त्यांच्या स्वभावाला साजेशीच आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण उघडल्याबरोबर फेकतो, त्यातलं मराठी त्या पुण्याच्या एका कंपनीसाठी तपासतात. त्यामुळे आमच्या घरात गोळी नुसती गिळायची सोय नाही. सासूबाईंचं डोकं दुखलं की त्यांना आधी सगळे दुष्परिणाम ऐकून घ्यावे लागतात. एकदा त्या कपाळ धरून ऐकत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, “राहू दे माय. आता डोकं नाई दुखत, भेव वाटून राह्यलं.” बाईंनी गोळी परत पाकिटात ठेवली आणि औषध लागू पडल्याच्या समाधानात कामाला लागल्या.

आता ही नोकरी त्या मालेगावात, आमच्या मधल्या खोलीत बसून करतात, यामागे एक रामायण आहे. माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, यांचं बाजारात कृषी केंद्र आहे. बियाणं आणि खतं काही पुण्यात हलवता येत नाहीत. म्हणून लग्नानंतर बरीच वर्षं बाई पुण्यात आणि भासरे मालेगावात. दिवाळीला भेट, अक्षय्य तृतीयेला भेट, मध्ये कोणाचं लग्न निघालं तर तेवढा बोनस. त्या काळाबद्दल बाई फारसं बोलत नाहीत. एकदाच पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या होत्या, “आमी तं बसस्टँडावरच संसार केला वं. यायचं तवा हसायचं, जायचं तवा तोंड फिरवायचं.” मग कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि बाई आल्या त्या आल्याच. पुण्याचं नाव काढलं तरी कपाळाला आठी.

त्यांचा लॅपटॉप जुना. त्यावर आधी जी काही व्यवस्था होती, ती वेळी-अवेळी ‘अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका’ असं बजावायची. आणि आमच्याकडे लाईन जायला काय वेळ लागतो? एका दुपारी त्यानं असंच बजावलं, लाईन गेली, बॅटरीनं मान टाकली, आणि दिवसभराचं काम पाण्यात. बाई कडाडल्या, “माह्या घरात मलेच बंद करू नका म्हननारा हा कोन बे?” दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप साफ पुसला आणि त्यावर लिनक्स नावाची दुसरी, फुकटातली व्यवस्था टाकली. कोणाला विचारलं नाही, कोणाकडून शिकल्या नाहीत. तीनदा बिघडवलं, चौथ्यांदा चाललं. तेव्हापासून त्या काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं ठोकत बसतात आणि पडद्यावर जी चूक उमटेल तिच्याशी मोठ्यानं बोलतात. “परवानगी नाई? तुह्याच बापाची मशीन हाय काय?” असं मधल्या खोलीतून आलं की आम्ही समजायचं, आज काम जोरात आहे. दारात आलेली पाहुणी मात्र चप्पल काढायच्या आधीच घाबरते.

आणि एक राहिलं. बाईंचं घड्याळ. वाशीमची सकाळची बस एकदा वेळेआधी निघून गेली आणि स्टँडवर बाईंनी तिची फक्त धूळ पाहिली. त्याच दिवशी त्यांनी घरातली झाडून सगळी घड्याळं पाव तास पुढे केली. भिंतीवरचं, सासूबाईंच्या उशाचं, भासऱ्यांच्या मनगटावरचंसुद्धा. आता घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की घड्याळ पुढे आहे, त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात पाव तास वजा करतो आणि आरामात चहा पीत बसतो. म्हणजे उपयोग शून्य. पण हे बाईंना सांगणार कोण? आमच्याकडे ‘घरात किती वाजले’ आणि ‘बाहेर किती वाजले’ असे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सून म्हणून आले तेव्हा मला स्वयंपाकघराआधी हेच शिकवण्यात आलं.

असं सगळं सुरळीत असताना पुण्याहून फर्मान आलं. घरून काम करणाऱ्यांनी सोमवारपासून व्हीपीएन लावूनच काम करायचं. ज्यांना ते लावता येणार नाही त्यांनी पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. सासूबाईंनी विचारलं, “ते काय असते वं?” बाई म्हणाल्या, “आपल्या विहिरीचं पानी दुसऱ्याच्या वावरातून पाइप गाडून आनतो ना, तसं. वरून लोक चालतेत, पन आतलं पानी कोनाले दिसत नाई.” सासूबाईंना ते लगेच समजलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मंग खोदू देतीन काय ते?”

देत नव्हतेच. ऑफिसात कॉम्प्युटरचं खातं सांभाळणारा एक गृहस्थ होता, बोलायला फार गोड. म्हणाला, “मॅडम, लिनक्सला आमचा सपोर्ट नाही. तुम्ही सरळ इकडे या ना, इथे तुम्हाला मशीन मिळेल.” बाई म्हणाल्या, “सपोर्ट कोण मागून राह्यलं? मले फकत जोडनीची फाइल पाठवा. खोदायचं ते मी खोदतो.” त्यानं बिचाऱ्यानं फाइल पाठवली, बहुधा ही बाई आपणच दमेल या भरवशावर. ते ऐकून भासरे दुकानातून लवकर आले. म्हणाले, “मी बोलून पाहू काय त्याईच्या साहेबासंग?” बाईंनी वरही पाहिलं नाही. “काहून? मी मेली काय?” भासरे परत दुकानात गेले.

शुक्रवारचा अख्खा दिवस पाइप जोडायलाच तयार नव्हता. मोबाइलच्या नेटवरून बाई हाक मारायच्या, पलीकडून कोणी ओ देईना. इंटरनेटवर त्यांनी मदत मागितली, तर कुठल्या देशातला कोण जाणे, एकजण म्हणाला, त्यापेक्षा दुसरा लॅपटॉप घ्या. बाईंनी त्याला इंग्रजीत अत्यंत सभ्यपणे कळवलं की तुमच्या घराचं दार अडकत असेल तर तुम्ही घर बदलता का. शेवटी त्यांना उमगलं की मोबाइल कंपनी एका वाटेनं जाणारी माहितीची पाकिटं अडवते. फाइलीत एक शब्द बदलून त्यांनी दुसरी वाट धरली आणि पलीकडून ओ आली. बाईंनी टाळी वाजवली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण ओ देणाऱ्यानं आता पासवर्ड मागितला, आणि त्याच्या जोडीला एक सहा आकडी कोड, जो दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. इतर लोक हा कोड मोबाइलवर काढतात. बाई म्हणाल्या, माझ्या फोनमध्ये ऑफिस नको, जेवताना वाजेल. आणि त्यांनी कोड काढायची सोयही लॅपटॉपवरच केली. कोड टाकला. नामंजूर. पुन्हा टाकला. नामंजूर. आणखी एकदा टाकला, तर खातंच बंद झालं.

शनिवारी सकाळी बाई पहिल्यांदा गप्प होत्या. आमच्या घरात ही शांतता कोणालाच सोसवत नव्हती. मीच धीर करून म्हटलं, “बाई, काही दिवस जाऊन पाहा ना पुण्याले. नंतर पाहू.” त्या माझ्याकडे वळल्या आणि डोळे भरलेले असतानाही आवाज मात्र चढाच. “काही दिवस म्हनूनच गेली होती मी लग्नानंतर! काही दिवसाचे किती वर्षं झाले ते तुले काय मालूम? जाणार नाई म्हंजे नाई जाणार. नोकरीबी सोडनार नाई. दोन्ही माहे हायेत.” आणि फोन उचलून त्यांनी त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थाला लावला, स्पीकरवर. त्यानं खातं उघडून दिलं. मग म्हणाला, “मॅडम, आत्ता तुमच्याकडे कोड काय दिसतोय, वाचा बरं.” बाईंनी वाचला. तो म्हणाला, “असा कोड तर इथे येतच नाहीये. एक सांगा, तुमच्या मशीनवर किती वाजलेत?”

“सव्वाअकरा.”

“मॅडम, अकरा वाजलेत.”

“हो, बाहेर अकराच वाजले,” बाई म्हणाल्या. “घरात सव्वाअकरा.”

मग तो गृहस्थ जपून जपून बोलू लागला. म्हणाला, हा कोड वेळेवरून बनतो. तुमचं मशीन पाव तासानंतरचा कोड आत्ताच देतंय. लॅपटॉपवरची आपोआप वेळ लावून घ्यायची सोय बाईंनीच बंद केलेली होती. घरातलं एक घड्याळ वेगळं चाललेलं त्यांना कसं चालेल? “तेवढी वेळ बरोबर करा, लगेच जोडलं जाईल,” तो म्हणाला. झालं! मला तर नाचावंसं वाटलं. मी म्हटलं, “करा बाई, करा, एक मिनिटाचं काम.” बाईंनी फोन ठेवला आणि हाताची घडी घातली. “म्हंजे आता माह्या घरात किती वाजले ते पुणं सांगनार?”

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. नोकरी जायची वेळ आलीय, नवऱ्यापासून पुन्हा दूर जायची वेळ आलीय, आणि ही बाई पाव तासासाठी अडून बसलीय! सासूबाई तर हात जोडून म्हणाल्या, “अवो, माह्या उशाचं घड्याळ राहू दे पुढं, त्या डब्ब्याचं तेवढं मागं कर.” बाई ऐकेनात. जेवल्याही नाहीत. वाचत बसल्या. आणि दुपारी कधीतरी मधल्या खोलीतून अशी आरोळी आली की मी कणिक तशीच टाकून पळाले. त्या पडद्यावर बोट ठेवून हसत होत्या. म्हणाल्या, मशीनच्या पोटात वेळ एक असते आणि तोंडावर दाखवायची वेगळी. पोटातली खरी ठेवायची, आणि तोंडावर कोणत्या गावची दाखवायची ते आपण ठरवायचं. जगातल्या गावांची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली होती. आपल्याहून नेमकं पाव तास पुढे असलेलं एक गाव त्यात निघालं. काठमांडू.

पोटात पुणं आणि तोंडावर नेपाळ, असा तो लॅपटॉप पहिल्या झटक्यात जोडला गेला. नंतर ऑफिसची आतली पानं उघडत नव्हती, कारण त्या पानांचा पत्ता कोणाला विचारायचा हे मशीनला कळत नव्हतं. पण आता बाईंना कोण थांबवणार? संध्याकाळच्या चहाआधी तेही उरकलं. सोमवारी त्या गृहस्थाचा घाबराघुबरा फोन. “मॅडम, तुम्ही देशाबाहेर आहात का? इथे काठमांडू दिसतंय.” बाई म्हणाल्या, “मालेगाव तालुक्यातच हाय ते. शिरपूरच्या थोडं अलीकडं.” त्यानं “बरं मॅडम” म्हणून फोन ठेवला. समजूतदार माणूस होता.

पण त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. जोडणी झाली हे सांगायला बाई धावत आतल्या खोलीत गेल्या, मी त्यांच्या मागे. भासरे दुकानातून कधी आले होते आम्हाला कळलंच नव्हतं. त्यांनी शिडी लावून माळ्यावरची बाईंची ती जुनी पुण्याची बॅग खाली काढली होती, आणि खाली बसून ओल्या फडक्यानं तिची चाकं पुसत होते. त्यांनी मनातल्या मनात बाईंना पाठवूनही दिलं होतं. बाई दारातच थांबल्या. भासऱ्यांनी वर पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे म्हणाले, “म्हटलं, धूळ लय बसली होती.” बाईंनी आत येऊन त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाल्या, “ठेवा ते वर. आन् ठेवून झालं की ती शिडी शेजारी देऊन टाका. आपल्या घरात तिचं काई काम नाई.” माझे भासरे माझ्यासमोर कधी मोठ्यानं हसत नाहीत, आमच्याकडची रीत तशी. त्या दिवशी हसले. शिडी शेजारी गेली ती गेलीच.

या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला पुण्याकडे एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरलं. कारखान्यातलं काम यंत्रापाशी उभं राहूनच करावं लागतं, ते कुठल्या पाइपातून मालेगावात आणता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या बॅगा माळ्यावर, आणि घरात शिडी नाही. मी काही बोलायच्या आधी बाई स्वतःच शेजारी गेल्या आणि शिडी खांद्यावर घेऊन आल्या. मी वर चढले, त्या खाली धरून उभ्या. मी एकेक बॅग खाली देत होते, त्या ओढणीनं पुसून भिंतीशी लावत होत्या. सगळ्या बॅगा झाल्या तरी मी वरच्या पायरीवर उगाच थांबले. इतक्या जणांशी भांडल्या त्या. वाटलं, आता म्हणतील, कोण म्हणते जायाले पाह्यजे? म्हणाल्या असत्या तर मी त्या पायरीवरच रडले असते, पण मला ते फार ऐकायचं होतं. बाईंनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाल्या, “सांभाळून उतर माय.”