न मागितलेली पेटी

ती घटना स्मरताना अजूनही आधी धुके आठवते, मग माणसे. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, समुद्रपूरकडे जाणारी एस.टी. ज्या फाट्यावर क्षणभर थांबते, तेथील लहानशा ठाण्याचा मी ठाणेदार होतो. दोन खोल्या, एक पत्र्याची पडवी, अंगणात कडुनिंब. सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी माझ्यापुढे ठेवी. तीत बहुधा शेताच्या बांधावरचे, म्हणजे धुऱ्यावरचे, भांडण, मोहाच्या दारूची भट्टी किंवा हरवलेला बैल, एवढेच असे. हिवाळ्यात मात्र त्या ठाण्याला एक वेगळीच शांतता येई. समोरच्या शेतांत फुटलेला कापूस आणि त्यावर उतरलेले धुके यांची सीमा कोठे, ते दिवस वर येईपर्यंत कळत नसे.

अशाच एका सकाळी टपालात एक निनावी चिठ्ठी आली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूस सुवाच्य अक्षरांत लिहिले होते की, अमुक गावच्या महिला भजनी मंडळाने सरकारी पेटी विकून खाल्ली, तरी चौकशी व्हावी.

त्या काळी पंचायत समिती गावोगावच्या भजनी मंडळांना साहित्य देत असे. एक पेटी, तबला-डग्गा, टाळांचे जोड आणि खंजेरी. अर्जासोबत सदस्यांची यादी व सह्या लागत. सर्व सदस्य त्याच गावचे रहिवासी असावेत, साहित्य मंडळाच्याच ताब्यात राहावे आणि तपासणीच्या वेळी दाखवावे, अशा अटी असत. पेटीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात पंचायत समितीचे नाव घातलेले असे.

निनावी पत्रावर मी सहसा घाई करीत नसे. परंतु दोनच दिवसांनी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी स्वतः लेखी तक्रार घेऊन आले. गृहस्थ सचोटीचे. त्या वर्षी तालुक्यातून पेटीसाठी बरेच अर्ज आले होते आणि बायकांच्या मंडळाला ती मिळावी म्हणून कार्यालयात यांनीच आग्रह धरला होता. तपासणीला गेले तेव्हा बाकी सारे साहित्य होते, पेटी नव्हती. तीन दिवसांची मुदत दिली, तरी पेटी आली नाही. त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा दुखावलेपण अधिक होते. सोमवारी मासिक सभा होती. अपहाराचा गुन्हा दाखल झाला तर मंडळाचे नाव यादीतून जाणार होतेच; शिवाय मंडळाची सचिव गावची अंगणवाडी सेविका होती, तिला कामावरून कमी करण्याची शिफारस त्याच सभेत होणार होती. आजारी नवरा आणि शिकणाऱ्या दोन मुली तिच्या त्या मानधनावर होत्या.

गुन्हा दाखल करण्यापूर्वी अर्ज चौकशी करतो, सोमवारपर्यंत अहवाल देतो, असे मी त्यांना सांगितले. तो दिवस गुरुवार होता.

बायकांना ठाण्यात बोलावणे मला कधी रुचले नाही. एक महिला शिपाई आणि आमचे जुने हवालदार यांना घेऊन मी गावात गेलो व अंगणवाडीच्या ओट्यावर जबाब घ्यायला बसलो. आतमध्ये लेकरे एका सुरात पाढे म्हणत होती.

सचिवबाई चाळिशीच्या. डोक्यावरचा पदर नीट करून सरळ माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "पेटी हाये, साहेब. इकली नाई, हरवली नाई. पर कुठी हाये, थे मी सांगत नाई."

"का?"

"मी सांगतलं तं तुमी तिथं जासान."

गुन्हा दाखल झाल्यास काय होईल ते मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांनी आधीच घरी बसून मोजून ठेवले होते.

मग एकेका सदस्येला बोलावले. पहिली म्हणाली, पेटी दुरुस्तीला हिंगणघाटला गेली आहे. दुसरी म्हणाली, तिच्या भाचीच्या लग्नात नेली होती, ती तिकडेच राहिली. तिसरीने उंदरांनी भाता कुरतडल्याचे सांगितले. मंडळाच्या अध्यक्षा एक वृद्धा होत्या; त्यांनी मला बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "तुह्या घरी माय हाये का रे, बापू?" आहे म्हणालो. "मंग तिले इचार," म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. हवालदारांनी तोंडावर रुमाल धरला. महिला शिपाई मात्र हसली नाही. ती त्या वृद्धेच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली.

परतीच्या वाटेवर मी जबाब पुन्हा वाचले. सेवेत एक गोष्ट ध्यानात आली होती. चोरीत भागीदार असलेली माणसे आधी एकत्र बसतात आणि सगळ्यांचे एकच म्हणणे ठरवतात. या बायकांनी काहीच ठरवले नव्हते. प्रत्येकीने आपल्या बुद्धीप्रमाणे, आयत्या वेळी, स्वतःच्या जबाबदारीवर खोटे सांगितले होते. असे खोटे स्वतःच्या लाभासाठी क्वचित असते. बहुधा ते दुसऱ्या कोणाला पाठीशी घालण्यासाठी असते. पण ते दुसरे कोण?

शुक्रवारी मी गावातल्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार पुरुषांच्या भजनी मंडळाचे प्रमुख होते आणि त्याच वर्षी त्यांच्या मंडळाचा अर्ज नामंजूर झाला होता. गल्ल्यामागे दिनदर्शिका लटकत होती व तिचे मागील महिन्याचे पान नव्हते. मी त्याविषयी काही बोललो नाही. त्यांनी मला चहा दिला आणि आपणच विषय काढला.

"आमच्या मंडळाले एक टाळ नाई भेटला, साहेब. तीस वर्स झाले भजन करून राह्यलो. अन् ह्या बायांले पेटी! त्याईच्यात तं एकीलेबी पेटी येत नाई वाजवाले."

"मग वाजवते कोण?"

"थे टोल्यावरची. गोंडाची सून. आपल्या गावची बी नाई थे. यादीत नाव कसं काय घुसवलं, थे तुमी पाहा ना."

मी ठाण्यात येऊन मंडळाच्या अर्जाची प्रत काढली. साक्षरता मोहिमेत गिरवलेल्या जाडजूड अक्षरांतल्या सह्यांची रांग होती. पेटीवादकाच्या नावापुढे मात्र अंगठा. हवालदारांनी चौकशी करून संध्याकाळपर्यंत माहिती आणली. गावापासून कोसभर अंतरावर, जंगलाच्या कडेला आदिवासींचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. ती मुलगी माहेरी असताना कोणाच्या तरी पेटीवर नुसते ऐकून वाजवायला शिकली. लग्नानंतर दर एकादशीला ती टोल्यावरून गावात येई. दिवाळीनंतर तिची चार वर्षांची मुलगी तापाने गेली. तेव्हापासून ती गावात आलेली नव्हती.

शनिवारी सकाळी मी पुन्हा सचिवबाईंकडे गेलो. अंगणवाडी उघडायची होती. मी एवढेच म्हणालो, "बाई, पेटी टोल्यावर आहे."

त्यांच्या हातातली केरसुणी थांबली. मग त्या तशाच उंबऱ्यावर बसल्या.

"आता तुमी जासान. जा. तुमचं कामच हाये थे. पर मांगू नका, साहेब."

पुढचे त्यांनी जे सांगितले ते आमच्या भागातील कोणालाही परके नाही. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारपाजारचे लोक भाकर आणि पिठले घेऊन जातात. ज्या टोपल्यात, ज्या गंजात ते नेले, ते भांडे कोणी मागायला जात नाही. त्या घरची माणसे सावरली की आपल्या हाताने ते आणून देतात. कधी आठ दिवसांनी, कधी वर्षाने. मागणे म्हणजे तुमचे दुःख आता पुरे झाले, असे सांगणे. पोर गेल्यावर ती मुलगी जेवेना, बोलेना. मंडळाच्या बायका भाकर घेऊन गेल्या, ती तशीच परत आली. मग सगळ्या मिळून डोक्यावर पेटी वाहून टोल्यावर गेल्या आणि तिच्या ओट्यावर ठेवून आल्या. जे भाकरीला लागू, तेच पेटीला.

"पंचायतीच्या साहेबाले सांगतलं असतं, तं थो साहेब मांगाले गेला असता," बाई म्हणाल्या. "कागदावर तसंच लिहेल हाये. आमी सही केली तवा हे मनातच आलं नाई, का कोनाच्या घरी असं होईन म्हणून."

तुमचे काम जाईल, मुलींचे काय, असे मी विचारले. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. लेकरे येऊन दारात उभी राहिली होती. मग त्या म्हणाल्या, "तिची एक होती, साहेब."

माझ्यापुढे आता एक व्यावहारिक अडचण होती. पेटी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि पंचनामा केल्याशिवाय अहवाल देता येत नव्हता. आणि पोलिसाने दारात उभे राहून पेटी कुठे आहे असे विचारणे, हेही मागणेच होते. बालपणी मी वेदपाठशाळेत शिकलो; तेथे गुरुजी आम्हांला भिक्षेला पाठवीत, तेव्हा ज्या घरी अशौच असेल त्या दारासमोरून पावलांचा आवाजही न करता पुढे जायला शिकवीत. इतक्या वर्षांनी, गणवेशात, मला ती शिकवण आठवली.

रविवारी पहाटेच मी निघालो. पंच म्हणून गावचा कोतवाल घेतला आणि दुसरे पंच म्हणून मुद्दाम त्या दुकानदारांना. जीप दूर नाल्याजवळ ठेवली. टोल्याच्या अलीकडे एक मोहाचे झाड होते, त्याखाली आम्ही बसलो. हवालदारांना मी सांगितले की कोणाला हाक मारायची नाही, काही विचारायचे नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

धुके इतके दाट होते की टोल्यातली घरे पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. हळूहळू एकेक कुडाची भिंत, एकेक छप्पर वर येऊ लागले. कोंबडे आरवले, कोठे चुलीचा धूर धुक्यात मिसळला. समोरच्या ओट्यावर गोधडीखाली काहीतरी चौकोनी झाकलेले दिसू लागले. एक म्हातारी बाहेर आली, तिने आम्हांला पाहिले, माझा गणवेश पाहिला. मी हात जोडले. तिने ओटा झाडला आणि ती आत गेली.

त्यानंतर ती मुलगी आली. वीस-बावीस वर्षांची असेल. ती त्या चौकोनाजवळ बसली आणि बसूनच राहिली. किती वेळ गेला, सांगता येत नाही. त्या सकाळी घड्याळाकडे पाहावे असे मला वाटले नाही. मग तिने गोधडी बाजूला केली. पेटीच्या पाठीवरची पांढरी अक्षरे आमच्याकडेच होती, स्पष्ट वाचता येत होती. तिने भात्याची कडी काढली आणि भाता हळूहळू दाबू लागली. बोटे मात्र पट्ट्यांवर ठेवली नाहीत. स्वर उमटला नाही. झोपेत कोणी श्वास घ्यावा तसा केवळ हवेचा आवाज त्या शांततेत येत राहिला. मी अनेक देवळांत, अनेक यज्ञमंडपांत बसलो आहे. मंत्रापूर्वीची शांतता मला परिचित आहे. पण तशी मी पुन्हा ऐकली नाही.

शेजारी दुकानदार खाली मान घालून बसले होते. "पोरगी गेल्याचं मले मालूम नोतं, साहेब," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "देवाशप्पत नोतं." थोड्या वेळाने त्यांनीच हात पुढे केला. "आना तो कागद. सही करतो मी."

झाडाखालीच मी पंचनामा लिहिला. वस्तू समक्ष पाहिली, सुस्थितीत आहे, पाठीवर कार्यालयाचे नाव आहे, मंडळाच्या पेटीवादक सदस्येच्या ताब्यात आहे. जप्त केली नाही. त्या मुलीने एकदाही आमच्याकडे पाहिले नाही.

सोमवारी सभेपूर्वी मी अहवाल घेऊन विस्तार अधिकाऱ्यांकडे गेलो. ती मुलगी दुसऱ्या गावच्या हद्दीतील आहे, हेही मी लपवले नाही. अर्जातली ती चूक खरी होती. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. मग विचारले, "पेटी केव्हा परत येईल, असे लिहू?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "आणि आपण विचारूही नये."

ते उठून सभेत गेले. त्यांनी तेथे काय मांडले ते मला नंतर कळले. मंडळ गाव आणि टोला यांचे संयुक्त म्हणून नोंदवावे, तपासणी पुढील वर्षापर्यंत स्थगित ठेवावी आणि सेविकेविरुद्धची शिफारस मागे घ्यावी, असे त्यांनी सुचवले होते. एका सदस्याने नियम कोणता म्हणून विचारले, तेव्हा दुसऱ्या एका वृद्ध सदस्याने, तुमच्या घरी कधी मयत झाली नाही का, एवढेच म्हटले आणि विषय मंजूर झाला. सचिवबाई अंगणवाडीत राहिल्या.

चैत्रात एका यात्रेच्या बंदोबस्तासाठी जाताना टोल्यावरची ती मुलगी मला रस्त्यात दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी, मागे हातात पिशवी घेतलेली तिची सासू. दोघी गावाच्या दिशेने चालल्या होत्या. हवालदारांनी जीपचा वेग कमी करायला लावला. "ऊन लय हाये, साहेब. बसवून घेऊ का त्याईले?"

मी नको म्हटले. आम्ही गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि त्या दोघी पुढे जाईपर्यंत थांबलो.

पोलीस खात्यात चौकशी म्हणजे विचारणे, असे मी समजत आलो होतो. कोणी काही देते, कोणी काही घेते, आणि त्यांच्यामध्ये एक कागद असतो. तो कागद आवश्यकच आहे. त्यावाचून दुर्बळाच्या वाट्याला काही पोहोचत नाही. पण तो लिहिणाऱ्याला प्रत्येक घरात काय घडणार ते कसे ठाऊक असावे? ते जाणून घेणे कागदाच्या रक्षकाचे काम आहे. पुढे सेवेच्या उरलेल्या वर्षांत मी अनेक दारांपुढे उभा राहिलो आणि कडी वाजवण्याआधी थोडा थांबू लागलो. पुष्कळदा त्या थांबण्यातून काही निष्पन्न झाले नाही, आणि मग मी कायद्याप्रमाणे विचारले. काही वेळा मात्र दार आतून उघडले.