अबेबेचा सत्कार

सरोदे मॅडम नसत्या तर मी आज शेतकी कॉलेजात शिकवत नसतो. माझे वडील येलदरीच्या धरणात मासे धरायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत, मला ओ की ठो कळायचं नाही. वर्ग सुटल्यावर मॅडम मला बसवून तेच मराठीत सांगायच्या. म्हणून मीही मातीचा विषय मराठीतच शिकवतो. माझी निम्मी मुलं खेड्यांतली आहेत.

त्या दिवशी इथिओपियाच्या अबेबेचा सत्कार होता. शिष्यवृत्तीवर आलेला आमचा पहिला परदेशी विद्यार्थी. रिटायर झालेल्या मॅडम सेलूहून पाहुण्या म्हणून आल्या होत्या. फेटा बांधलेला अबेबे माइकवर म्हणाला, "नमस्कार मंडळी, जेवलात का?"

"सर, अब्या आपल्यापेक्षा भारी बोलायलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा, टाळ्या.

"फोटो नीट काढा," प्राचार्य म्हणाले. "समिती यायलीय." ही समिती कॉलेजला दर्जा देते. परदेशी विद्यार्थी दाखवला की गुण वाढतात.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "मिलिंद, याला वर्गात कळतं का रे?"

"पुस्तक इंग्रजीतच आहे, मॅडम. वाचतो की."

"आणि प्रॅक्टिकल?"

"ते मराठीत."

"रोज एक तास दे त्याला."

"देतो. समिती होऊन जाऊ द्या."

समिती येऊन गेली. मग दुसरी कामं निघाली. तास राहिलाच.

परीक्षेत प्रोफाइल होतं. म्हणजे जमिनीत उभा खड्डा खणायचा आणि मातीचे थर ओळखायचे. ते पुस्तकात नव्हतं; मी शेतावर, तोंडी, मराठीत शिकवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला इंग्रजीत विचारलं. अबेबे खड्ड्यात उतरला, थरांवरून हात फिरवत राहिला. प्रश्न कळला, थर ओळखता आले नाहीत.

तो नापास झाला. एक विषय गेला की शिष्यवृत्ती बंद, अशी अट होती.

"मला विचारायचं तरी," मी इंग्रजीत म्हणालो.

"सर, आय केम ट्वाइस. यू वेअर मेकिंग द कमिटी फाइल."

जाताना त्यानं प्रॅक्टिकलची वही जमा केली. डाव्या पानांवर माझी मराठी वाक्यं, ऐकू आली तशी, इंग्रजी अक्षरांत. उजवी पानं अर्थासाठी कोरी ठेवलेली.

परदेशी विद्यार्थी घ्यायचा तर आधी त्याचा तास टाइमटेबलात लिहावा. फेटा नंतर मागवावा. मॅडमना मी पत्र पाठवलं, ते असं:

"आदरणीय मॅडम,

तुम्ही सांगितलेला तास मी दिला नाही. अबेबे परत गेला. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, तेच मी वर्गासाठी करतोय असं समजत होतो. पण तुम्ही आधी मला काय कळत नाही, ते विचारलं होतं. मी त्याला विचारलं नाही.

आता प्रॅक्टिकलच्या सूचना दोन्ही भाषांत छापल्या आहेत. यंदा परदेशातून एकही अर्ज आला नाही.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद"